खालच्या घराचं नाव

आता गडगा तेवढा राहिला होता.

बाकी पाणंद सगळी मोकळी झाली होती. कट्टा गावच्या डांबरी रस्त्यापासून खालच्या घराच्या अंगणापर्यंत, आणि इकडे बावीपासून, म्हणजे विहिरीपासून, वर मथुरेच्या परसापर्यंत, मोजून आठ फूट रुंद. रिक्षा ऐटीत यावी आणि रुग्णवाहिकेने जरा पोट आत घेऊन यावं, एवढी. मध्येच, बावीच्या अलीकडे, छातीएवढा उंच, शेवाळून काळा पडलेला दगडी गडगा आडवा होता. दोन्हीकडून आलेली वाट तिथे येऊन अडली होती.

मधलीवाडी एरवी एकीसाठी काही प्रसिद्ध नव्हे. चौदा घरं, त्यातली पाच कुलूपबंद. उरलेल्या नवांत, फणस कुणाच्या हद्दीत वाकला यावरून दोन-दोन पिढ्या अबोला धरणारी माणसं. पण गेल्या आषाढात मथुरेला पान लागलं. साप चावला असं आपल्याकडे म्हणत नाहीत. पाणंद बंद, म्हणून तिला खुर्चीत बसवून चौघांनी शेताच्या चिंचोळ्या मेरेवरून नेलं. गुडघाभर चिखल, दोनदा खुर्ची कलंडली, रस्त्याला लागायलाच पाऊण तास गेला. मथुरा वाचली ती स्वतःच्या चिवटपणाने. त्या खुर्चीचा मागचा उजवा पाय गौरजाच्या हातात होता.

गौरजा वरच्या घरची सून, कट्ट्याच्या शाळेत मास्तरीण. तिने सभा भरवली नाही की भाषण केलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी तिने पदर खोचला, कुदळ घेतली आणि आपल्याच घरासमोरची हद्द तीन फूट मागे घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी लोकांनी पडवीत बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी मथुरा घमेलं घेऊन आली, न बोलता माती भरू लागली. तिसऱ्या दिवशी चंदन आला. चंदन रिक्षावाला, पण आयुष्यात त्याची रिक्षा स्वतःच्या दारात झोपली नव्हती. रोज रात्री तिला रस्त्याकडेच्या काजूखाली सोडून तो चालत घरी यायचा. मार्गशीर्ष लागेपर्यंत दर रविवारी तीस-तीस माणसं जमू लागली. बायकांनी बाव उपसली. व्हाळाचं पाणी अडवायला बांध पडला. ज्यांच्या घरांना कुलपं होती त्यांनी मुंबईहून फोनवर सांगितलं, "आमचीपण हद्द मागे घेया," आणि दोघे तर रजा टाकून खोरी हाणायला आले. बावीच्या तळाचा गाळ संपून स्वच्छ पाणी वर येताना दिसलं, तेव्हा एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कौतुक करावं तितकं थोडंच.

फक्त त्या गडग्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो बाबांचा गडगा होता. गौरजाच्या सासऱ्यांचा.

*

यंदा वाडीची राखण रविवारी आली. फाल्गुनात एक दिवस बावीजवळच्या रुमडाखाली, म्हणजे उंबराखाली, वाडी सांभाळणाऱ्या राखणदार देवाच्या दगडापुढे, घरटी एक नारळ मांडायचा. वाडीतल्या थोरल्या माणसाने गाऱ्हाणं घालायचं, एकेका घराचं नाव घेऊन सगळ्यांना सांभाळ म्हणायचं, आणि सूर्य बुडायच्या आत नारळ फुटायला हवा. बुडाला तर वर्षभराची राखण वाया, असा समज. गाऱ्हाण्याचा मान बाबांचा.

दुपारी जेवणं उरकल्यावर मागच्या पडवीत गौरजाने नवऱ्याला सांगून टाकलं.

"अहो, साडेतीनच्या गाडीन आनंदीकाकी येतत. सिद्धेशभावजीपण."

मिहीर सावंतवाडीला एका कचेरीत होता, शनिवारी घरी यायचा. तो हात पुसत होता, तो पुसतच राहिला.

"खंय येतत?"

"हंय. आपल्या वाडीत."

"गौरजा, तू कुणाला विचारून हा निर्णय घेतलास?"

मिहीर चिडला की त्याचं मालवणी पळायचं आणि कचेरीतलं मराठी बाहेर यायचं. गौरजाला एरवी त्याचं हसू येई. आज आलं नाही.

"इचारलंय आसतंय, तर तुमी नको म्हटला आसतास."

"अर्थात नको म्हटलं असतं! सव्वीस वर्षं झाली ते लोक आरोंद्याला जाऊन. काका तिथेच वारले. बाबांनी त्या घराचं नाव तरी कधी घेतलं का? ह्या वयात त्यांना चार लोकांसमोर अडचणीत आणायचं तुला काय सुचतंय?"

"बाबांका अडचणीत हाडूचा नाय माका. मथुरेक त्या खुर्चयेत घालून नेलंव तेवा तुमी हंय नव्हतात. तिचो पाय माझ्या डोळ्यांफुडे निळो पडलो. वाट बंद कित्याक, तर दोन भाव भांडले म्हणान. भांडले ते भांडले, पण आमी किती दिस चिखलातसून माणसां न्हेवची?"

"मग गडग्याचं बाबांशी बोल. काकीला मध्ये कशाला आणतेस?"

"गडगो काय, कोणीपण पाडीत. पण बाबा स्वतः काढा म्हणनत नाय तोपर्यंत वाडीतलो एक माणूस तेका हात लावचो नाय. आणि काकी येवक नाय तर बाबा तसां म्हणाचे नाय."

दारातून तिसरा आवाज आला. "आणि फोन तिणां नाय केल्यान. मी केलंय."

अक्का उभी होती. बाबांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली. नवरा गेल्यावर माहेरी परतली ती इथलीच झाली. ती कधी घरातल्या वादात पडत नसे. त्यामुळे पडली की वाद तिथेच संपे.

"अक्का, तूसुद्धा?"

"सुद्धा म्हंजे काय रे? गणपत तुझो काका, पण माझो धाकटो भाव. तेच्या तेराव्याक जावक गावला नाय माका. आता डोळे मिटाच्या आधी तेच्या घराचा दार उघडा बघूचा आसा. तुका बरा दिसता काय, वाईट दिसता काय, तां तुझ्या हापिसात जावन बघ."

मिहीरने गौरजाकडे बघितलं. ती खाली बघून भांडी गोळा करत होती, एकच ताट उचलून परत खाली ठेवत होती. आपली बायको घाबरली आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. चार महिने सगळ्या वाडीला कामाला लावणारी बाई घाबरली होती, आणि तरीही मागे हटत नव्हती. त्याचा राग पुरता गेला नाही. पण नंतर तो कुणावर काढायचा तेच त्याला कळेना.

*

चंदनने त्यांना कट्ट्यावरून रिक्षाने आणलं, पाणंदीच्या खालच्या तोंडाने, थेट खालच्या घरापर्यंत. त्या वाटेने आत आलेली ती पहिली रिक्षा. चंदनने भोंगा वाजवला नाही, पण त्याच्या तोंडावरची मिजास लपत नव्हती.

आनंदीबाई उतरल्या. सहासष्ट वर्षांच्या, सडसडीत, हातात एक सोललेला नारळ. त्यांनी पहिल्यांदा वाट बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोन्ही बाजूंना नीट रचलेले नवे गडगे.

"ह्यां कोणी केल्यान?"

"सगळ्यांनी," मिहीर म्हणाला. तो एकटाच गडग्याला वळसा घालून, मेरेवरून त्यांना घ्यायला आला होता. का आला, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. "मुंबयवाल्यांनीसुद्धा."

"आमच्या अंगणातला रानपण काढल्यानी?"

"गौरजान. आणि मथुरामावशेन."

आनंदीबाईंनी मान हलवली. अंगण शेणाने सारवलेलं होतं, तुळशीला पाणी घातलेलं होतं. घराची किल्ली त्यांच्या कनवटीला होती. मिहीरला तिचा आकार लुगड्यातून दिसत होता. पण त्या पायरीकडे वळल्या नाहीत. सरळ चालत गेल्या त्या गडग्यापाशी, आणि तिथे एका दगडावर बसल्या.

"काकी, घरात चल."

"नाय रे बाबा." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या बापाशीन सव्वीस वर्सां गाऱ्हाण्यात माझ्या घराचा नाव घेवक नाय. ज्या घराचा नाव राखणदाराच्या कानार नाय, त्या घरात मी कशी शिरू? आज नाव घेतल्यानी तर उंबरो चढतलंय. नायतर सातच्या गाडयेन परत. मगे सिद्धेश कौलां उतरवन हो जागो कोणाकय देवन टाकतलो. तसां आमचा ठरलाहा."

सिद्धेश मिहीरपेक्षा दहा वर्षांनी लहान. आरोंद्याच्या खाडीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांत तेलाचा काळा रंग कायमचा. नवव्या वर्षी तो ही वाडी सोडून गेला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, माका हंयच रवाचा आसा. मालवणात काम मिळताहा. पण आवशीच्या फुडे जावचंय नाय मी."

कॉलेजातून सुट्टीला आला की ह्याच गडग्यावर बसून मिहीर पलीकडच्या बंद दाराकडे बघत असे. काका का गेले असं विचारलं, की मोठी माणसं विषय बदलत.

*

बाबांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर पंचा टाकला आणि उन्हं कलती झाल्यावर ते रुमडाखाली आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण पाठ ताठ. वाडी त्यांना बाबा म्हणे किंवा मास्तर. हायस्कुलात गणित शिकवून निम्म्या वाडीचे कान त्यांनी पिळले होते.

गेले चार महिने ते आपल्या पडवीतून हे काम बघत आले होते. रांगेत उभी माणसं, हातातून हातात जाणारे दगड. कोकणात गडगा असाच घालतात. एक माणूस रचतो, दहा हात दगड पुरवतात, आणि शेवटी चहा होतो. वाडीत एकच गडगा असा होता की जो एका माणसाने एकट्याने घातला. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन दिवस खपून तो घातला, तेव्हा एकही शेजारी हात लावायला आला नव्हता. तेव्हा त्यांना त्याचा अभिमान वाटला होता. ह्या चार महिन्यांत त्यांना त्याची लाज वाटू लागली होती, पण ते कुणाला सांगायचं? लाज सांगायची सवय मास्तरांना नसते.

नारळ दगडापुढे ओळीने मांडलेले होते. माणसं अर्धवर्तुळात उभी राहिली. बंद घरांचे नारळ शेजाऱ्यांनी मांडायचे अशी रीत. बाबांनी हात जोडले, ओळीवरून नजर फिरवली, आणि हात खाली घेतले.

"एक कमी आसा."

लोक अक्काकडे बघू लागले.

"अक्का, नारळ एक कमी आसा."

"कमी खंय?" अक्का म्हणाली. "तू नावां घेतंस तेरा. नारळ तेरा. बरोबर आसा."

"दर वर्साक चौदा आसतत."

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. अक्का दोन पावलं पुढे आली.

"इतकी वर्सां मी खालच्या घराचो नारळ पदराखाली दडवन हाडलंय. तुका दिसाचो नाय म्हणान मधीच खंयतरी ठेवलंय. आणि तू मोजी होतंस?"

बाबांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"मोजी होतंस. आणि एक दिस सांगूक नाय माका, उचल म्हणान."

"दिसता तां दिसता," बाबा पुटपुटले. "ह्या वर्साक कित्याक नाय ठेवलंस?"

"जेचो तेणां ठेवचो म्हणान."

"भावोजी," गडग्यापलीकडून आवाज आला, "चौदावो नारळ हंय आसा."

सगळ्या माना वळल्या. गडग्यावरून आनंदीबाईंचं डोकं दिसत होतं, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि हातात वर धरलेला नारळ. बाजूला सिद्धेश. पोरगा उभा होता अगदी गणपतसारखा, मान जरा कलती करून.

"तुका कोणी बोलावल्यान?"

"मी," गौरजा म्हणाली.

"मी," अक्का म्हणाली.

क्षणभर थांबून मिहीर म्हणाला, "मी."

गौरजाने चमकून नवऱ्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, कान लाल झालेले. आयुष्यात हा माणूस बापासमोर इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलला असेल, आणि लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर तिला तो त्या दिवशी नव्याने आवडला.

"म्हंजे सगळ्यांनी मिळान कट केल्यात माझ्याविरुद्ध," बाबा म्हणाले. आवाजात मास्तर परत आला होता. "आनंदी, काय होया तुका? गडगो काढूचो? काढा. जावंदे म्हणतंय मी, काढा. लोकांक वाट होया, माका कळता तां."

"वाट लोकांक होया, भावोजी. माका नाव होया."

"नाव!" बाबांनी पंचा झटकला. "त्या दिसा माझा नाव खंय होता? परीक्षेचा काम करून मालवणातसून धापा टाकीत इलंय, तर हंय नारळ फुटलेलो. मी जित्तो असताना माझ्या धाकट्या भावान गाऱ्हाणा घातल्यान! मी मेलंय काय होतंय? वायच थांबूक काय झाला तेका? घराचो मान माझो, तो तेणां माझ्या तोंडातसून काढून घेतल्यान. आणि मी तेचा नाव घेव?"

सूर्य समोरच्या कातळसड्याच्या कडेपासून चार बोटांवर आला होता.

"मास्तरांनू," मथुरा म्हणाली. साप चावलेला पाय अजून ओढत ती पुढे आली. "तेणां काय म्हटल्यान, तां तुमी आयकलास काय कधी?"

"कोणी?"

"गणपतान. त्या दिसाच्या गाऱ्हाण्यात."

"तां कित्याक आयकूक होया माका?"

"मी थंय होतंय. ह्या दगडाकडे. सूर्य अस्सो टेकलेलो. तो तुमची वाट बघून बघून रस्त्यापर्यंत दोनदा धावलो. तुमची गाडी दिसाक नाय. मगे रडकुंडीक येवन उभो रवलो आणि म्हणालो," मथुरेने हात जोडले, जणू तीच घालत होती, "'म्हाराजा, माझो थोरलो भाव परीक्षेच्या कामाक अडाकलो. सूर्य थांबाचो नाय. तेच्या तोंडान मी बोलतंय. बोल तेचे, आणि चूक झाली तर ती माझी.' तुमचा नाव सगळ्यात पयलां घेतल्यान, मास्तरांनू. सगळ्या बाप्यांनी व्हय म्हटल्यानी."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. जे म्हातारे होते, तेव्हा हजर होते, त्यांनी माना खाली घातल्या.

"ह्यां माका कोणी सांगूक नाय."

"तुमी इचारलास खंय? दुसऱ्या दिसा बघतंव तर तुमी धोंडे रचतास. हातात धोंडो घेतलेल्या माणसाक कोण काय सांगतलो? आमका वाटला, तुमका ठावक आसतला. गणपत सांगतलो, नायतर अक्का सांगतली."

"माका तरी खंय ठावक होता?" अक्का म्हणाली. "मी तेवा सासराक होतंय, हंय इलंय ती मागसून."

"तेंनी सांगलेला," आनंदीबाई गडग्यापलीकडून म्हणाल्या. "म्हणजे सांगूक इले होते. तुमी दार लावून घेतलास. माका म्हणाले, दादाक माझा बोलणा आयकूचा नाय, तर रवांदे. पण मरासर म्हणत होते, एकदा तरी दादान इचारूक होया होता, मी काय म्हटलंय तां."

या वाडीत कुणाच्या घरी कढी आंबली तर ते संध्याकाळपर्यंत चौदा घरांना कळतं. आणि ही एवढी गोष्ट, जी सगळ्यांना ठाऊक होती, ती ज्याला कळायला हवी त्याला सव्वीस वर्षांत कोणी सांगितली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितली असेल.

बाबांच्या डोळ्यांपुढे सावंतवाडीचा स्टँड आला. अकरा वर्षांपूर्वी गणपत गेल्याचा निरोप मिळाला, तेव्हा ते कुणाला न सांगता तिथपर्यंत गेले होते. आरोंद्याची गाडी लागलेली होती, दार उघडं होतं. ते चढले नाहीत. पुढच्या गाडीने परत येऊन त्यांनी घरात सांगितलं, की पेन्शनीच्या कामाला गेलो होतो.

"बाबानू," गौरजा हळूच म्हणाली, "सूर्य."

बाबांनी वर बघितलं. दोन बोटं उरली होती.

"नारळ हाड, आनंदी," ते म्हणाले.

"नाव घेतल्याशिवाय देवचंय नाय."

कुणीतरी खोकलं. बाबांनी गडग्याकडे बघितलं. बाई इतकी वर्षं वाट बघून आता दोन बोटं उन्हासाठी वाकणार नव्हती, आणि तिचं चुकत नव्हतं. ते राखणदाराकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! सालाबादाप्रमाणे तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमलेली आसत. ह्या वर्साक तेंनी बाव उपासली, व्हाळार बांध घातलो, वाट मोकळी केली. कोणी कोणाक बोलवक नाय, आपापली इली. ती तेंची सेवा मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मथुरेक तू राखलंस. तशीच सगळ्यांची पोरांबाळां राख. जी परगावाक आसत तेंका सुखरूप घराक हाड!"

"व्हय म्हाराजा!"

मग घरांची नावं. वरचं घर, माडीचं घर, आंब्याखालचं घर, व्हाळावरचं घर. दर वर्षीच्याच क्रमाने, दर वर्षीच्याच चालीत, एकामागून एक. तेराव्या नावानंतर दर वर्षी ते थांबत आणि नारळाला हात घालत. यंदाही थांबले. मिहीरने गौरजाचा हात कधी धरला होता, ते दोघांनाही कळलं नाही.

"आणि खालचा घर," बाबा म्हणाले.

"खालच्या घरच्या गणपतान ह्याच जाग्यार उभो रवान माझ्या तोंडान गाऱ्हाणा घातल्यान. आज तो नाय. आज तेच्या तोंडान मी बोलतंय. तेच्या बायलेक आणि झिलाक घरात घे, तेंका सांभाळ. सव्वीस वर्सां ह्या घराचा नाव तुझ्या कानार घालूक नाय. दर वर्साक जिभेर येय, आणि मी गिळी होतंय. ती चूक माझी. ती माझ्या पदरात घाल, पोरांच्या नको म्हाराजा."

आता सगळ्यांनी ओरडायचं होतं. पण अक्का पदराने तोंड झाकून उभी होती. चंदनसारखा बडबड्या गडी, तोही जमिनीकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा," गडग्यापलीकडून आनंदीबाई म्हणाल्या.

बायकांनी व्हय म्हणायची रीत वाडीत नव्हती. पण त्या संध्याकाळी रीत कोणी आठवली नाही. मथुरा म्हणाली, गौरजा म्हणाली, आणि मग सगळ्या वाडीने असा काही होकार दिला की रुमडावरचे पक्षी उठले.

नारळ गडग्यावरून आला. आनंदीबाईंनी सिद्धेशकडे दिला, सिद्धेशने मिहीरकडे, मिहीरने गौरजाकडे, तिने अक्काकडे, आणि अक्काने भावाच्या हातात. पहिला नारळ थोरल्या घराचा फुटतो. बाबांनी आरोंद्याहून आलेला नारळ तसाच दगडावर आपटला, आणि पाणी उडालं तेव्हा सड्यावर उन्हाची एक रेघ शिल्लक होती.

बाकीचे नारळ फोडायचं काम त्यांनी मिहीरवर सोपवलं आणि ते गडग्याशी गेले. वरचा दगड दोन्ही हातांनी धरला. तो त्यांनीच कधीतरी तिथे चढवला होता. आता तो हलेना. पलीकडून सिद्धेशने हात घातला. दोघांनी मिळून तो खाली घेतला, मग दुसरा, आणि तोपर्यंत मागे रांग लागली होती. दगड हातातून हातात जाऊ लागले. एकट्याला दोन दिवस लागले होते त्या कामाला वाडीने अर्धा तासही घेतला नाही. आनंदीबाई कनवटीची किल्ली काढून घराकडे निघाल्या, तेव्हा अक्का कुणाचा आधार न घेता त्यांच्या मागोमाग चालू लागली.

बाबा एका दगडावर धापा टाकत बसले होते. सिद्धेश जवळ येऊन पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"गाऱ्हाणा येता तुका?"

"नाय, काकानू."

"रोज संध्याकाळी येवन बस माझ्याकडे. शिकवतंय."

"मी? पण तो मान तुमच्या घराचो, मिहीरदादाचो..."

"मिहीराक चार शब्द धड बोलूक येवचे नाय, हापिसातला बोलात तो राखणदाराकडे." बाबा थोडं हसले. मग त्यांनी बराच वेळ त्या मोकळ्या झालेल्या वाटेकडे बघितलं. चंदन आपली रिक्षा हळूहळू, माणसांना बाजूला करत, वर आपल्या घराकडे चालवत नेत होता.

"आणि आयक," ते म्हणाले. "फुडल्या वर्साक माका उशीर झालो, तर माझी वाट बघू नको. सूर्य बुडाच्या आधी घाल."